एकशे साठ चौरस फुटांच्या आठवणी : बीडीडी चाळींची पार्श्वभूमी

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली गेली आणि ५०० चौरस फुटांचं घर आलं, तेही मालकीचं आणि फुकट. आनंद खरा होता. तरी जुन्या चाळीचा विषय काढला की एकाच घरातून दोन सूर येतात. तसे दिवस आता परत नाहीत, म्हणून एकजण हळहळतो आणि त्याच वेळी दुसरं कुणी सुटलो एकदाचे म्हणत श्वास सोडतं. दोन्ही सूर खरे आहेत. माझ्या मते त्यांचं मूळ चाळीच्या आखणीतच आहे.

१८९६च्या प्लेगनंतर मुंबईत कामगारांच्या घरांचा प्रश्न सरकारदरबारी पोचला होता. पहिल्या महायुद्धात गिरण्या तेजीत आल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसांचा लोंढा आला आणि खोल्या मिळेनाशा झाल्या. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० साली, ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे खातं उभं राहिलं. त्याची आद्याक्षरं म्हणजे बीडीडी. ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता आणि पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर १ रुपया कर बसवला गेला. प्रत्यक्षात बांधल्या गेल्या २०७ चाळी : वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला (आताचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीत १२. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, चाळीत ८०. म्हणजे सगळ्या मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास.

सुरुवातीला तिथे राहायला माणसं मिळेनात. भाडं परवडत नव्हतं, वरळी गिरण्यांपासून लांब पडत होती. कित्येक चाळी वर्षानुवर्षं रिकाम्या होत्या. १९३०च्या सविनय कायदेभंगात तुरुंग अपुरे पडले, तेव्हा सरकारने वरळीच्या रिकाम्या चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रहींना तिथे डांबलं. इंग्रजांनी या चाळी तुरुंग म्हणूनच बांधल्या, असं आजही अनेक रहिवासी सांगतात. बांधल्या कामगारांसाठीच, हे कागदोपत्री स्पष्ट आहे. पण ज्याने त्या काँक्रीटच्या भिंती आणि मधला अंधारा बोळ पाहिला, त्याला ही गोष्ट पटते यात नवल नाही.

खोली कशी होती, तर दार उघडलं की सगळं घर दिसायचं. कोपऱ्यात मोरी. त्याच मोरीत आंघोळ, तिथेच भांडी, तिथेच पिण्याच्या पाण्याचं पिंप. एक पलंग, त्यावर आजोबा आणि त्याखाली नातवंडांची अंथरुणं. जागा पुरेना तेव्हा डोक्यावर लाकडी माळा आला. संडास मजल्यावर, सगळ्यांचे सामाईक. सकाळी डबा घेऊन रांग, आणि त्या रांगेतच गावाकडच्या पत्रापासून मुलाच्या शाळेपर्यंत सगळ्या चौकश्या.

खोली एवढीशी, म्हणून माणसं दाराबाहेर राहिली. दार बंद ठेवणं शक्यच नव्हतं, त्यामुळे शेजाऱ्याच्या घरी कालवण नाही हे न सांगता कळायचं. गावकीच्या खोल्यांत एकाच गावचे दहा-पंधरा गडी राहायचे, एक पाळीवरून आला की दुसरा उठून कामाला जायचा, त्यामुळे वळकटी सहसा रिकामी नसायची. जेवण खानावळीत. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार थांबले. तेव्हा वाण्याची उधारी, शेजारणीचं वाटीभर पीठ आणि बायकांनी धरलेली धुण्याभांड्याची कामं यांवर घरं तगली. चाळीबद्दल गहिवरून बोलणारे लोक या उपकाराबद्दलच बोलत असतात.

पण बायकांना विचारावं. मोरीला लुगड्याचा आडोसा करून, घरातल्या पुरुषांना बाहेर काढून आंघोळ उरकायची. रात्री संडासला जायचं तर कुणाला तरी सोबत उठवायचं. नव्या नवरीला एकांत म्हणून थोरल्यांनी अंथरूण घेऊन बाहेर झोपायचं, आणि ते का झोपलेत हे सगळ्या मजल्याला ठाऊक. आजारी माणसाला तर लपायलाही जागा नव्हती. ज्या उघड्या दाराचं पुरुष कौतुक करतात, त्याच दारातून सगळा मजला आत बघत होता.

चाळ सगळ्यांना सारखीच सामावून घेत होती, असंही नाही. कुठल्या चाळीत कुठल्या जातीची वस्ती, हे तिथल्या पोरांनाही पाठ असायचं. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या आंबेडकर मैदानात दलित पँथरची सभा होती. सभेवर दगडफेक झाली आणि दंगल पेटली. शिवसैनिक आणि पँथर आमनेसामने आले, समोरासमोरच्या चाळींनी एकमेकींवर दगड फेकले. पाच दिवसांनी परळला निघालेल्या मोर्चावर वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा कार्यकर्ता गेला. वरळी आणि नायगावच्या दंगलींची पुढे न्या. भस्मे आयोगाने चौकशी केली. ज्या घरांनी ते दिवस काढले, त्यांना ‘चाळ म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य ऐकवत नाही. एकीकडे गणपती आणि दहीहंडी, दुसरीकडे १४ एप्रिलची भीमजयंती. जांबोरी मैदानाच्या आसपास वाढलेल्या कुणाच्याही आठवणीत हे सगळं आहे, फक्त कोण कुठल्या चाळीत राहत होतं त्यावर आठवणीचा रंग बदलतो.

पुनर्विकासाची चर्चा कितीतरी वर्षं चालली. एप्रिल २०१७मध्ये भूमिपूजन झालं, काम म्हाडाकडे गेलं, वरळीत प्रत्यक्ष बांधकामाची सुरुवात १ ऑगस्ट २०२१ला झाली. एकेक चाळ रिकामी होत गेली आणि पाडली गेली. रिकाम्या खोलीत भिंतीवर मागे राहिलेल्या देव्हाऱ्याच्या काजळीला हात लावून निघालेली माणसं आहेत आणि मागे वळूनही न बघता निघालेलीही.

शिवडीच्या १२ चाळी मात्र बंदराच्या जमिनीवर आहेत, म्हणून या पहिल्या टप्प्यात त्या आल्याच नाहीत. वरळीची माणसं चाळीबद्दल ‘होतं’ म्हणतात तेव्हा शिवडीत सकाळी डबा घेऊन रांग लागलेली असते.