पिस्तूल परवान्यांच्या याद्या आणि ‘सार्वजनिक अभिलेख’ या दोन शब्दांची गुंतागुंत

डिसेंबर 2012 मध्ये नाताळच्या तोंडावर न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेकडील उपनगरी भागातल्या एका दैनिकाने आपल्या संकेतस्थळावर एक नकाशा टाकला. वेस्टचेस्टर आणि रॉकलंड या दोन काउंट्यांत पिस्तूल बाळगण्याचा परवाना असलेल्या तेहतीस हजारांहून अधिक माणसांचा प्रत्येकी एक ठिपका त्यावर होता आणि ठिपक्यावर क्लिक करताच नाव व घराचा पत्ता दिसत असे. कनेटिकट राज्यातील न्यूटाउनच्या शाळेत 14 डिसेंबरला 20 मुले आणि 6 मोठी माणसे मारली गेल्याला जेमतेम दहा दिवस झाले होते. दैनिकाची भूमिका साधी होती : ही माहिती कायद्याने सार्वजनिक आहे, आम्ही ती रीतसर मागितली, मिळाली आणि छापली. या वाक्यात खोटे काहीच नव्हते, पण ‘कायद्याने सार्वजनिक’ म्हणजे नेमके काय, यावर पुढची चार वर्षे तंटा चालला.

न्यूयॉर्क राज्यात लपवता येण्याजोग्या शस्त्रासाठी परवाना घ्यावा लागतो तो 1911 च्या सुलिव्हन कायद्यापासून. परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. न्यूयॉर्क शहरात तो पोलीस खात्याकडे आणि शहराबाहेर बहुतेक ठिकाणी काउंटीच्या न्यायाधीशांकडे मागावा लागे, आणि पिस्तूल सोबत घेऊन फिरायचे असल्यास अर्जदाराला ‘योग्य कारण’ दाखवावे लागे. योग्य कोणते हे ठरवणारा एक माणूस आणि दारात अर्ज घेऊन उभा असलेला दुसरा, अशी रचना जिथे असते तिथे वशिल्याला वाव राहतो. मंजूर झालेल्या अर्जांना दंडसंहितेने सार्वजनिक अभिलेख म्हटले होते, त्याकडे या संदर्भात पाहिले पाहिजे. यादी उघडी असली की पिस्तूल कोणाला मिळाले एवढेच कळत नाही, ते देणाऱ्याने कोणावर मेहेरनजर केली हेही कळते.

1981 चा निकाल या पार्श्वभूमीवर आला. एका बातमीदाराने शहराच्या पोलिसांकडे मंजूर झालेले अर्ज मागितले होते आणि पोलिसांनी खासगीपणाचे कारण पुढे करून नकार दिला होता. माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा 1974 मध्येच झाला होता आणि खासगीपणावर अवाजवी आक्रमण होत असेल तर माहिती रोखण्याची मुभा त्यात होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने मात्र दंडसंहितेतील वाक्याकडे बोट दाखवले. विधिमंडळाने स्वतःच हे अर्ज सार्वजनिक अभिलेख ठरवले असतील, तर ते दाखवावे लागतील, असा त्या निकालाचा आशय होता. अर्जात अर्जदाराने सांगितलेली कारणेही असत, त्यामुळे वशिला शोधणाऱ्या पत्रकाराच्या दृष्टीने तेच खरे मोलाचे होते. 1994 च्या दुरुस्तीने हे क्षेत्र आक्रसले. त्यानंतर अख्खा अर्ज सार्वजनिक राहिला नाही. ज्याला परवाना मिळाला त्याचे नाव आणि पत्ता एवढेच सार्वजनिक अभिलेख ठरले.

या दुरुस्तीचा एक विचित्र परिणाम झाला, त्याची पुरेशी चर्चा झालेली नाही. अधिकाऱ्याच्या निर्णयाची चिकित्सा करण्यास उपयोगी पडणारा भाग, म्हणजे अर्जातील कारण, झाकला गेला आणि परवानाधारकाला त्याच्या घरापर्यंत जाऊन गाठता येईल असा भाग उघडा राहिला. 2012 चा नकाशा या उरलेल्या भागावरच उभा होता.

काही गोष्टी नकाशा सांगू शकतच नव्हता. राज्याचा परवाना पिस्तुलासाठी होता, रायफल व शॉटगनसाठी बहुतांश भागात तो लागतच नव्हता, आणि न्यूटाउनच्या शाळेतला संहार मुख्यतः रायफलीने झाला होता. परवाना आहे म्हणजे घरात पिस्तूल आहेच असेही नाही. शिवाय रॉकलंडसारख्या काउंटीत एकदा मिळालेला परवाना नूतनीकरणाविना चालू राहत असल्याने जुने पत्तेही यादीत राहून गेले होते. म्हणजे शेजारच्या घरात शस्त्र आहे का, या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर नकाशापाशी नव्हते. शेजाऱ्याचे नाव मात्र चव्हाट्यावर आले होते.

प्रतिक्रिया तीव्र होती. सर्वांत वजनदार आक्षेप निवृत्त पोलीस, तुरुंगरक्षक आणि अत्याचारी जोडीदारापासून लपून राहणाऱ्या व्यक्तींच्या बाजूने आला. तुरुंगातील कैदी रक्षकांना ‘तुम्ही कुठे राहता ते ठाऊक आहे’ असे सुनावू लागल्याचे रॉकलंडच्या शेरीफने जाहीरपणे सांगितले. दुसरीकडे, दैनिकात काम करणाऱ्यांचे घरचे पत्ते एका ब्लॉगलेखकाने प्रसिद्ध केले, आणि दैनिकाला आपल्या कार्यालयांवर सशस्त्र पहारेकरी नेमावे लागले. जानेवारीत व्हाइट प्लेन्समध्ये शस्त्रे ठेवलेली तिजोरी असलेल्या एका घरात चोर शिरले, तेव्हा काही राजकारण्यांनी तत्काळ नकाशाला जबाबदार धरले. पोलिसांनी तसा संबंध त्या वेळी जोडला नव्हता.

दैनिकाने यादी मागितलेली तिसरी काउंटी म्हणजे पुटनम. तिच्या अभिलेख अधिकाऱ्याने यादी द्यायलाच नकार दिला. 15 जानेवारी 2013 रोजी राज्याचा नवा शस्त्रकायदा घाईने संमत होऊन त्यावर त्याच दिवशी गव्हर्नरची सही झाली. हा कायदा शस्त्रांवरील निर्बंध वाढवणारा म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या पोटात परवानाधारकांना दिलेली एक सवलत होती. परवान्याची माहिती उघड करू नये असा अर्ज आता करता येणार होता. त्यासाठी पोलीस किंवा तुरुंग सेवेत असणे, संरक्षण आदेश मिळालेला असणे, फौजदारी खटल्यात साक्षीदार किंवा ज्युरर असणे अशी कारणे दिली होती. यादीच्या शेवटी, माहिती उघड झाल्यास अकारण छळ होईल असे वाटण्यास जागा असणे हेही कारण होते, आणि ते इतके ऐसपैस होते की त्यात कोणीही बसू शकले असते. अर्ज करायला वेळ मिळावा म्हणून 120 दिवस कोणाचीच माहिती द्यायची नाही, असेही ठरले. तीन दिवसांनी दैनिकाने नकाशावरील नावे व पत्ते काढून टाकले.

खरा गुंता मात्र न्यायालयांत झाला. फेब्रुवारी 2013 मध्ये मॅनहॅटनच्या अपील न्यायपीठापुढे एका दुसऱ्या वृत्तपत्राचे प्रकरण होते. त्याला शहरातील परवानाधारकांच्या घरांचे पत्ते हवे होते. नाव व पत्ता ‘सार्वजनिक अभिलेख’ आहे असे दंडसंहिता म्हणत असली, तरी त्यामुळे माहिती अधिकाराच्या कायद्यातील खासगीपणा व सुरक्षिततेचे अपवाद आपोआप बाद होत नाहीत, असे या न्यायपीठाने ठरवले आणि पत्ते नाकारले. 1981 मध्ये ज्या दोन शब्दांनी दार उघडले होते, त्याच दोन शब्दांना आता दार उघडण्यास अपुरे मानले गेले. पुटनमचे प्रकरण शेजारच्या अपील विभागात चालले आणि तिथे 2016 मध्ये उलट निर्णय लागला : हरकतीचा अर्ज दिलेल्यांना वगळून बाकीच्यांची माहिती काउंटीने द्यावी. एका राज्यातील एकाच वाक्याचा अर्थ नदीच्या या काठावर एक आणि त्या काठावर दुसरा, अशी ही अवस्था झाली.

या वादामागे एक जुना प्रश्न आहे. कागद सार्वजनिक असणे आणि तो सर्वांच्या हाताशी असणे यांत पूर्वी अंतर होते. आपल्याकडचा सात-बारा घ्या. तो पूर्वीही कोणालाही मिळत असे, पण त्यासाठी तलाठ्याचे कार्यालय गाठावे लागे, गट नंबर ठाऊक असावा लागे आणि चकरा माराव्या लागत. आता तो घरबसल्या पाहता येतो. या अंतराची दखल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच घेतली होती. गुन्ह्यांच्या नोंदी वेगवेगळ्या कचेऱ्यांत विखुरलेल्या असणे आणि त्या एका जागी गोळा करून ठेवणे यांत खासगीपणाच्या दृष्टीने फरक आहे, असे ते निकालपत्र सांगते. तो निकाल केंद्राच्या माहिती कायद्याखालचा होता, राज्यांना बंधनकारक नव्हता. तरीही परवान्यांच्या वादात तोच विचार पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

न्यूयॉर्कच्या आधीही असे घडले होते. व्हर्जिनियातील एका दैनिकाने मार्च 2007 मध्ये लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना असलेल्या 1,35,000 हून अधिक जणांची यादी ऑनलाइन ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी काढून घेतली. टेनेसीत मेम्फिसच्या दैनिकाची शोधता येण्याजोगी यादी 2009 च्या सुरुवातीला वादात सापडली. तिच्या प्रसिद्धीनंतर जास्त परवाने असलेल्या पिनकोडांत घरफोड्या तुलनेने कमी झाल्या, असे दोन अभ्यासकांना पुढे आढळले. चोर यादी पाहून पिस्तुले चोरायला येतील, या सर्वांत लोकप्रिय भीतीशी हे मुळीच जुळत नाही. इंडियानातील एका दैनिकाने त्याच वर्षी नावे गाळून केवळ रस्त्यानुसार परवान्यांची संख्या दिली, तरी पुढल्या वर्षी तिथल्या विधिमंडळाने नोंदी बंद केल्या. ओहायोने मधला मार्ग म्हणून पत्रकारांना नोंदी पाहू दिल्या, पण नक्कल करायला मनाई केली. पाहा, पण लिहून घेऊ नका, हा नियम विनोदी वाटला तरी कायद्यातच होता.

न्यूयॉर्कच्या नकाशानंतर ही गती वाढली. फेब्रुवारी 2013 मध्ये मेन राज्यातील एका दैनिकाने परवान्यांची माहिती मागितली आणि गदारोळ होताच मागणी मागे घेतली. तरीही विधिमंडळाने आधी तात्पुरते आणि नंतर कायमचे दार लावले. टेनेसी आणि व्हर्जिनियातही त्याच वर्षी नोंदी गोपनीय झाल्या. खासगीपणाचा आक्षेप खोटा नव्हता, पण उपाय रोगापेक्षा मोठा झाला, कारण पत्ता झाकून नाव, तारीख आणि परवाना देणारा अधिकारी एवढे उघडे ठेवण्याचा पर्याय होता आणि तो या राज्यांनी स्वीकारला नाही. अपात्र माणसांना परवाने दिले गेले का, हे बाहेरून तपासण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

जून 2022 मध्ये दोन घटना चार दिवसांच्या अंतराने घडल्या. 23 तारखेला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची ‘योग्य कारणा’ची अट घटनाबाह्य ठरवली, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ अधिकाऱ्याच्या हाती असलेल्या मर्जीचा मोठा भाग गेला. यादी उघडी ठेवण्याचे मूळ कारण ती मर्जीच होती. 27 तारखेला कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने शस्त्रविषयक आकडेवारीचे नवे संकेतस्थळ सुरू केले, आणि त्यामागची मूळ माहिती चुकून उतरवून घेता येईल अशी राहिली. परवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे 1,92,000 जणांची नावे, जन्मतारखा आणि पत्ते काही तास खुले होते. या वेळी माहिती कोणी मागितलेली नव्हती आणि कोणत्याही वृत्तपत्राने ती छापली नव्हती.