ॲनिमेशनपटांतील बालपणीचे आघात आणि उभारी

आई किंवा वडील जाणे, मारहाण, उपासमार, घरातले व्यसन, आपत्तीत उद्ध्वस्त झालेले घर, हे सारे बालपणीचे आघात. त्यांतून सावरून मूल पुन्हा खेळू-शिकू लागते, ती उभारी. ॲनिमेशनपटांनी हा विषय फार पूर्वीपासून हाताळला आहे, आणि बहुधा संवादांपेक्षा प्रतीकांतून.

‘बँबी’ (१९४२) मध्ये पाडसाची आई मरताना दिसत नाही. बंदुकीचा बार ऐकू येतो, मग बर्फ पडू लागते आणि पाडस तिला हाका मारत फिरते. ‘फाइंडिंग निमो’ (२००३) मधल्या माशाच्या पिल्लाचा एक पर जन्मापासून लहान आहे. मत्स्यपेटीतल्या नळीत ते अडकते, तेव्हा स्वतःचाही पर अधू असलेला, त्याच पेटीतला गिल हा मोठा मासा इतरांना मदतीला जाऊ देत नाही. जवळ थांबून ‘तुझे तू सुटू शकतोस’ असा धीर मात्र देतो. उभारी म्हणजे काय, हे इतक्या नेमकेपणाने फार थोड्या दृश्यांनी दाखवले आहे. जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) मध्ये याची दुसरी बाजू दिसते. युद्धात आई गमावलेल्या बहीणभावाजवळ खाऊच्या गोळ्यांचा एक डबा आहे. आधी त्यात गोळ्या असतात, शेवटी बहिणीच्या अस्थी. दोघांचे एकमेकांवर जिवापाड प्रेम आहे, पण त्यांना सांभाळणारे मोठे माणूस कोणी उरत नाही.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. अमेरिकेतील डॉक्टर व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की बालपणीचे आघात जितके अधिक, तितका प्रौढपणी नैराश्य, व्यसन आणि हृदयविकार यांचा धोका अधिक. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. अत्यंत बिकट स्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चांगली सावरली. त्यांना आजी, शिक्षक, शेजारी असे जीव लावणारे निदान एक माणूस मिळाले होते.

कोकण किनाऱ्याला हे चित्र अनोळखी नाही. वडील मुंबईला चाकरीला आणि मूल गावी आजीपाशी, अशी घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोली भागातली कौले उडवली, माड-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुरात बुडाले आणि महाड तालुक्यातले तळीये दरडीखाली गेले. असे पाणी पाहिलेल्या मुलाला पडद्यावरचे वादळ निव्वळ प्रतीक वाटेलच असे नाही. ते पाहून त्याची भीती उसळूही शकते. अशा मुलांना चित्रपट दाखवणाऱ्या शाळांनी याचा विचार आधी करायला हवा.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी इथे आठवते. ठाकर समाजाचे कलाकार चित्रांची पोथी मांडून रामायण-महाभारतातल्या कथा गातात. चामड्याच्या छायाबाहुल्या पडद्यामागच्या उजेडात नाचवतात. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री जाहीर झाला. वनवास, ताटातूट, युद्ध हे सगळे या कथांत येते, पण चित्रकथीत मुलापुढे चित्र एकटे येत नाही. सांगणारा समोर बसलेला असतो आणि एका चित्रावर किती वेळ थांबायचे, हे त्याच्या हाती असते.