तण अभ्यासून उसाचं काय कळणार?

शास्त्रज्ञ अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका तणामागं आयुष्य घालवतात. त्यातून आमच्या उसाचं काय कळणार? चिक्कोडीपासून खानापूरपर्यंत असं बोलणारे भेटतात.

पण ऊस शेतात वर्षभर उभा, लावण कांडीनं, गुणसूत्रं 100च्या वर. त्यात एक जनुक बिघडवून परिणाम बघायचा म्हणजे माणूस म्हातारा होईल! हे तण दीड-दोन महिन्यांत बी देतं, गुणसूत्रांच्या जोड्या फक्त 5, आणि मूळ इतकं बारीक की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न पेशी मोजता येते. फुलात पाकळी कुठं, पुंकेसर कुठं, हे ठरवणारी जनुकं 1991च्या सुमारास याच तणातून आणि स्नॅपड्रॅगन या बागेतल्या फुलझाडातून उलगडली. त्यांची भावंडं भाताच्या फुलातही सापडतात.

टोमण्यात तथ्य आहे ते वेगळ्याच जागी. भाताचं, उसाचं पान बुडाकडून वाढतं. गुरांनी शेंडा खाल्ला तरी वर येतं. ते मक्यावर, भातावरच नीट दिसतं. आणि बेळगावचं रताळं? ते फुगलेलं मूळ. या तणाचं मूळ तसं फुगतच नाही. तिथं रताळ्याचाच वेल लावावा लागतो.