‘नको’ कुणी म्हणायचं? नकोशा फोनांवरच्या निर्बंधांची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालू असताना अडत्याचा फोन वाजला तर तो त्याला उचलावाच लागतो. नंबर ओळखीचा नसला तरी. गाडी वाटेत बंद पडलेला ड्रायव्हर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोलत असेल, गुऱ्हाळावरचा शेतकरी पोराच्या नंबरवरून लावत असेल, गुजरातचा व्यापारी नव्या सिमवरून भाव विचारत असेल. म्हणून इकडे रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, भाव पुकारला जात असताना तो एका कानाला फोन लावतो आणि पलीकडून गोड आवाज येतो, ‘सर, पर्सनल लोन के बारे में बात करनी थी.’ त्यावर अडत्या जे बोलतो ते इथं लिहिता येणार नाही.

‘अनोळखी नंबर उचलूच नका’ हा सल्ला महिन्याला पगार जमा होणाऱ्या माणसाचा आहे. उद्यमनगरातल्या फाउंड्रीवाल्याला, दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला, रिक्षावाल्याला तो परवडत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तर अनोळखी नंबर टाळण्याची कुणाची हिंमतच नव्हती. आपलं माणूस कुठल्या छावणीतून, कुणाच्या फोनवरून बोलतंय याचा नेम नव्हता.

नकोशा फोनांवर सरकारनं निर्बंध घालावेत का, हा प्रश्न अजूनही विचारला जातो. भारतापुरतं त्याचं उत्तर २००७ मध्येच देऊन झालं आहे: घालावेत. तेव्हापासून भांडण आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. ग्राहकानं आधी ‘नको’ म्हणायचं, की विकणाऱ्यानं आधी ‘चालेल का?’ विचारायचं?

जाहिरात कानावर पडणं आपल्याला नवं नाही. दवंडी होती, पुढे सिनेमाचा भोंगा लावून गल्लोगल्ली फिरणारी रिक्षा आली. पण तो आवाज सगळ्या पेठेसाठी असायचा आणि ओरडणारा समोर दिसायचा. त्याला ‘पुढं जा’ म्हणता यायचं. त्या आवाजालाही सरकारनं वेळेचं कुंपण घातलंच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद केला, आणि विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीवरून कोल्हापुरात दरवर्षी जो वाद होतो त्याच्या मुळाशी हेच नियम असतात. जाहिरातीच्या फोनांना पुढे याहून कडक वेळ मिळाली: रात्री नऊ ते सकाळी नऊ बंदी. म्हणजे कागदावर तरी लोनवाल्यापेक्षा डॉल्बीला चार तास जास्त मोकळीक मिळाली.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला, जो या विषयात वारंवार निघतो. खटला होता टेलिफोन डिरेक्टरीचा. टाटा प्रेस ही कंपनी व्यावसायिकांच्या जाहिरातींची पिवळी पानं छापत होती, आणि डिरेक्टरी छापण्याचा हक्क फक्त आपला, असं महानगर टेलिफोन निगमचं म्हणणं होतं. न्यायालयानं कंपनीची बाजू घेतली आणि सांगितलं, की व्यापारी जाहिरातही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते. म्हणून फोनवर विकणं सरसकट बंद करा म्हणणाऱ्यांना हा निकाल आडवा येतो. दुसऱ्या बाजूला २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बोलण्याचा हक्क आहे, पण माझ्या कानात बोलण्याचा नाही, असा काहीसा मधला रस्ता या दोन निकालांतून निघतो.

सुरुवातीला मात्र कायद्याची गरजच नव्हती, कारण फोन महाग होता. येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. लोक मिस्ड कॉल द्यायचे आणि एसटीडी बूथवर जाऊन बोलायचे. घरात कोल्हापूरच्या ०२३१ कोडचा लँडलाइन असला तरी त्यावर कुणी कर्ज विकायला बसलेलं नव्हतं. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, आउटगोइंगचे दर घसरत गेले, आणि त्याच सुमाराला खासगी बँका क्रेडिट कार्ड घेऊन मध्यमवर्गाच्या मागे लागल्या. माणूस दारोदार पाठवण्यापेक्षा फोन लावणं कितीतरी स्वस्त पडू लागलं. शंभरांनी शिव्या घातल्या आणि एकानं कार्ड घेतलं, तरी कंपनीचं गणित जमत होतं. शिव्यांचा खर्च कंपनीच्या खात्यात पडत नाही. तो हेडफोन लावून बसलेल्या पोरीच्या वाट्याला जातो. ही पोरगी बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या जिल्ह्यातून शहरात गेलेली असते, हे फोन आपटताना लक्षात राहत नाही. माझ्याही राहत नाही.

२००५ मध्ये एका वकिलानं सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि विषय सरकारच्या टेबलावर आला. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, जून २००७ मध्ये पहिले नियम काढले. त्या वर्षी ऑक्टोबरात ‘नॅशनल डू नॉट कॉल’ नोंदवही सुरू झाली. १९०९ वर मेसेज करायचा आणि तब्बल ४५ दिवस थांबायचं. त्यानंतरही फोन आला तर टेलिमार्केटरला पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुढच्या प्रत्येक वेळी १,००० रुपये भुर्दंड. कार्ड विकून मिळणाऱ्या कमिशनपुढे ही रक्कम किरकोळ होती. कोट्यवधी लोकांनी ‘नको’ कळवावं आणि विकणाऱ्यानं ती यादी पाहून मग फोन लावावा, अशी ही रचना. ओझं आपल्याकडे.

ही रचना चालत नाही हे देशाला कळलं ते अर्थमंत्र्यांच्या फोनवरून. २०१० मध्ये महागाईच्या प्रश्नावर विरोधी पक्षनेत्यांबरोबर बैठक चालू असताना प्रणव मुखर्जींचा फोन वाजला. पलीकडे होती गृहकर्ज विकणारी व्यक्ती. बातमी छापून आली आणि दूरसंचार मंत्रालय कामाला लागलं. सामान्यांच्या तक्रारी तीन वर्षं पडून होत्या, पण ते असो. त्या वेळी ‘डू कॉल’ची कल्पनाही चर्चेत होती: ज्यांना फोन हवेत त्यांनीच नाव नोंदवावं, बाकीच्यांच्या वाटेला कुणी जायचं नाही. ती मागे पडली. डिसेंबर २०१० मध्ये आलेल्या आणि २७ सप्टेंबर २०११ पासून पूर्ण लागू झालेल्या नियमांनी जुनीच चौकट घट्ट केली. बँका-विमा, घरं, शिक्षण, आरोग्य असे सात प्रकार ठरले. सगळं बंद करा किंवा हवं तेवढं निवडा. दंड २५ हजारांपासून सुरू होऊन लाखांवर गेला. आणि टेलिमार्केटरला १४० नं सुरू होणारा नंबर सक्तीचा झाला.

सगळी फसगत या १४० मध्ये आहे. नियम पाळणाऱ्याच्या कपाळावर शिक्का बसला. लोक १४० दिसला की फोन उचलेनात. मग नोंदणी न करता साध्या दहा आकडी सिमवरून फोन लावणारे वाढले. त्यांचा नंबर तुमच्या-आमच्या नंबरासारखाच दिसतो. मार्केट यार्डातल्या अडत्यानं तो ओळखायचा कसा? त्याच २०११ मध्ये एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा आली, ती लगेच २०० झाली, आणि पुढच्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं वैयक्तिक मेसेजपुरती ती रद्द केली. दिवाळीच्या शुभेच्छा पाठवणाऱ्यालाही जाहिरातदाराच्या रांगेत उभं केल्यावर आणखी काय होणार!

२०१८ च्या नियमांत पहिल्यांदा गाडी उलट्या बाजूनं ढकलायचा प्रयत्न झाला. कंपनीनं स्वतःची, मेसेज पाठवणाऱ्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची आधी नोंदणी करायची, ग्राहकाची संमतीही नोंदवायची, आणि हे सगळं ब्लॉकचेनवर, म्हणजे सहज फेरफार न करता येणाऱ्या सामायिक डिजिटल नोंदवहीवर, तपासलं जाणार. ८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी खरोखर लावली, आणि त्या दिवशी देशभर ओटीपी अडकले. बँकेचे व्यवहार थांबले. साठीपुढच्यांची कोविड लसीची नोंदणी नुकतीच सुरू झाली होती, तिथंही ओटीपी येईना. दुसऱ्याच दिवशी ट्रायला सात दिवसांसाठी माघार घ्यावी लागली. चूक मुख्यतः साचे न नोंदवणाऱ्या कंपन्यांची होती. तरी सरकारनं नळ आवळला की घाण पाण्याबरोबर चांगलं पाणीही बंद होतं, हा निर्बंधविरोधकांचा मुद्दा त्या दिवशी सगळ्यांनी अनुभवला.

२०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरांविरुद्ध ७.९ लाखांहून जास्त तक्रारी आल्या. १३ ऑगस्टला ट्रायनं कंपन्यांना अशांच्या लाइनी तोडायला सांगितलं, आणि तीन आठवड्यांत पावणेतीन लाखांवर कनेक्शन तुटली. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनं तक्रार करायची मुदत तीन दिवसांवरून सात केली. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कारवाईची वेळ यायची. आता दहा दिवसांत पाच पुरतात. कारवाईसाठी ३० दिवसांऐवजी पाच. तक्रारींचे आकडे चुकीचे देणाऱ्या मोबाइल कंपनीला दोन, पाच आणि दहा लाख असा चढता दंड. हा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. या सगळ्या कॉलांवर कमावणारी आणि तक्रारी नोंदवणारी कंपनी आजवर एकच होती, आणि चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात तसा प्रकार चालला होता.

बँका आणि विमा कंपन्यांच्या कामाच्या फोनांसाठी १६०० ची वेगळी मालिका दिली आहे, म्हणजे खरा फोन ओळखू यावा. तोतया बँकवाल्यांच्या काळात तिचा उपयोग आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या २८ व्या कलमात तर ठराविक संदेशांसाठी ग्राहकाची पूर्वसंमती घेण्याची तरतूद करता येईल असं लिहून ठेवलं आहे. २०१० मध्ये मागे पडलेली कल्पनाच वेगळ्या वाटेनं कायद्यात आली.

एक फोन मात्र या सगळ्या नियमांच्या बाहेर आहे. नियम ‘व्यावसायिक’ संदेशांचे आहेत, आणि मत मागणं हा व्यवसाय धरलेला नाही. त्यामुळे निवडणूक लागली की डीएनडीवाल्यांनाही, म्हणजे ‘नको’ नोंदवून ठेवलेल्यांनाही, रेकॉर्ड केलेला आवाज येतो, ‘नमस्कार, मी तुमचा उमेदवार...’ पलीकडे माणूसच नसतो, त्यामुळे अडत्याला नेहमीचं उत्तरही देता येत नाही. तो फोन खिशात टाकतो आणि पुढच्या रव्याकडं वळतो.