'मिक्सिंग' म्हणजे नक्की कुठलं? घरच्या गाणं-व्हिडिओच्या हौसेची पार्श्वभूमी

घरी बसून गाणं रेकॉर्ड करायचं आणि त्याचा व्हिडिओ पण आपणच करायचा, हे शिकायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात एका शब्दापाशी गाडी अडकते, तो म्हणजे मिक्सिंग. गाण्याच्या ट्युटोरियलमधे त्याचा अर्थ एक, तालुक्याच्या फोटो स्टुडिओत दुसरा आणि डीजेवाल्या पोरांत तिसराच. असं का झालं ते बघायला मागं जावं लागतं, पण फार मागं नाही.

बाहेरचा इतिहास पटकन सांगतो. 1979 मधे कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे चार वेगवेगळे आवाज, घेणारा घरगुती रेकॉर्डर आला, 1983 मधे मिडी, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची पद्धत, 1996 मधे व्हीएसटी प्लगिन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमला जोडायची वाद्यं आणि इफेक्ट, आणि 1997 च्या शेवटी बेल्जियममधल्या एका छोट्या कंपनीने फ्रुटीलूप्स हा ठेके-गाणी बनवायचा प्रोग्रॅम काढला, ज्याचं नाव 2003 मधे एफएल स्टुडिओ झालं. आपल्याकडे या हौसेला खरा जोर आला तो कॉम्प्युटर घरात आल्यावर.

व्हिडिओचं मात्र आपल्याकडे आधीच जोरात चालू होतं, लग्नाच्या कॅसेटमुळे. तेव्हा दोन व्हीसीआर, मधे एक व्हिडिओ मिक्सर, त्याला जोडलेला टीव्ही, आणि मिक्सरवरची बटणं दाबून एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जायचं, बदामाच्या आकारात नवरा-नवरीचा फोटो बसवायचा, मंगलाष्टकांनंतर सनई सोडायची. काम त्या मिक्सर नावाच्या मशिनवर व्हायचं म्हणून त्या कामाला 'मिक्सिंग' म्हणायला लागले, इतकं साधं आहे ते. पुढे मशीन गेलं, कॉम्प्युटर आला, तरी शब्द तोच राहिला आणि आजही कितीतरी गावांत "शूटिंग आमचं, मिक्सिंग बाहेरून" असंच बोलतात.

काही जण याला हसतात, म्हणतात अरे एडिटिंग म्हणा, मिक्सिंग म्हणजे आवाजाचं. मला हे पटत नाही. ज्यांनी मिनी डीव्हीच्या, म्हणजे छोट्या डिजिटल व्हिडिओ टेपच्या, काळात मिक्सिंगच्या खोलीत काम केलंय त्यांना विचारा, एक तासाची टेप कॉम्प्युटरमधे घ्यायला पूर्ण एक तास लागायचा आणि 13 जीबी जागा जायची, हार्डडिस्क 40 जीबीची, म्हणजे तीन टेपांचं लग्न आलं की आधीचं लग्न पुसल्याशिवाय हात लावता यायचा नाही. त्यामुळे कुठला शॉट ठेवायचा हे टेप आत येतानाच ठरवायची सवय लागायची. शेजारी स्टुलावर बसून चहा आणायचं काम करणारा पोरगा हे सगळं बघत बघत शिकायचा, वरातीच्या शॉटमधे ढोलाच्या समेवर कट मारायचा हे त्याला कुणी वहीत लिहून दिलेलं नसायचं. त्यांनी चित्र आणि गाणं एकाच वेळी हाताळलेलं होतं, मग त्यांचा शब्द चुकीचा कसा?

डीजेंचं मिक्सिंग वेगळ्या वाटेने आलं. एका गाण्यातून दुसऱ्यात ठेका न तुटता जायचं हा मूळ अर्थ, पण गणपती, जयंती, हळदी यांच्या निमित्ताने हलगी मिक्स, ढोल मिक्स, साउंड चेक असे प्रकार तयार झाले आणि त्यात नुसती जोडणी नव्हती, पोरं मूळ गाण्याखाली स्वतः वाजवलेला ठेका टाकत होती. एफएलच्या त्या चौकोनांच्या रांगेत हळदीचा ठेका बसवणं सोपं जायचं, चौकोन दाबला की ठोका पडतो, नोटेशन यायची गरज नाही. आगरी-कोळी पट्ट्यात तर घरातल्या एका खोलीत गाणी तयार व्हायला लागली, त्यावरच हळदी गाजायला लागल्या. बऱ्याच जणांकडे सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं असायचं हे खरं आहे, ते योग्य नव्हतंच, पण शिकायला दुसरं दारच उघडं नव्हतं हेही खरं आहे.

तिसरं मिक्सिंग म्हणजे रेकॉर्डिंग स्टुडिओतलं: गायकाचा आवाज वर, ढोलकी जरा मागे, हार्मोनियमचा गलबला कमी, असं प्रत्येक ट्रॅकला जागा करून देणं. हे शिकायला बाकी दोन्हींपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण आधी कान तयार व्हावा लागतो.

ही तिन्ही कामं एकाच माणसाच्या डोक्यावर आली ती 2016 नंतर. त्या वर्षी सप्टेंबरमधे मोबाइल डेटा जवळपास फुकट झाला, ट्युटोरियल तासन् तास बघता यायला लागले, 2017 मधे दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या प्रोग्रॅममधे आवाजाचं अख्खं पान आलं, तेही फुकटच्या आवृत्तीत, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधे कट पण आणि आवाज कमी-जास्त करायचे फेडर पण. मग 2020 चा लॉकडाऊन. घराघरातून अभंग, गझला, नाट्यपदं फोनवर रेकॉर्ड व्हायला लागली, तबला एका गावात आणि गायिका दुसऱ्या गावात. जून 2020 च्या शेवटी टिकटॉक बंद झालं आणि छोटे व्हिडिओ करणारी बरीच मंडळी रील्सकडे वळली.

इथेच नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो. समजा आवाज माईकवरून कॉम्प्युटरमधे घेतला आणि चित्र फोनवर. सुरुवातीला टाळी वाजवून दोन्ही जुळवलं, ध्रुवपद झकास बसलं, दुसऱ्या कडव्याला ओठ थोडे मागे वाटतात, आणि तिसऱ्या मिनिटाला तर दुसरंच कुणी गातंय असं दिसतं. लोक मग गाणं कमी-जास्त ताणत बसतात आणि आवाजाची वाट लावतात. बहुतेक वेळा दोष फोनच्या व्हिडिओत असतो, फोन सेकंदाला कायम 30 फ्रेम, म्हणजे 30 चित्रं, देत नाही, उजेड कमी झाला की 28, 29 असं खाली-वर करतो. तो व्हिडिओ आधी हँडब्रेकसारख्या फुकट प्रोग्रॅममधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्यायचा, मग टाळीवर जुळवायचा, मूळ आवाजाला हात लावायचा नाही.