भोपळ्याच्या वेलावरून चर्चमध्ये झालेला राडा, आणि बायबल नक्की आलं कुठून

आज जिथे लिबियाचं ट्रिपोली आहे तिथे पूर्वी ओया नावाचं गाव होतं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या बिशपने चर्चमध्ये बायबलमधलं योनाचं पुस्तक नव्या भाषांतरातून वाचायला घेतलं आणि लोक जाम खवळले. कारण काय, तर योनाच्या डोक्यावर सावली पडावी म्हणून देव एक वेल उगवतो, तो सगळ्यांनी लहानपणापासून भोपळ्याचा ऐकलेला, आणि नव्या भाषांतरात तो एकदम आयव्हीचा झालेला! गोंधळ एवढा वाढला की बिशपला गावातल्या ज्यू लोकांकडे जाऊन विचारावं लागलं की बाबांनो मुळात काय लिहिलंय, ते म्हणाले जुनंच बरोबर, मग बिचाऱ्याने शब्द बदलला नाहीतर चर्चमध्ये कोणी उरलंच नसतं. हे सगळं संत ऑगस्टीनने भाषांतरकार जेरोमला पत्रात कळवलंय, आणि जेरोमने त्यावर चिडून उत्तरही दिलंय.

हा किस्सा आधी सांगायचं कारण, बायबलचा विषय निघाला की बऱ्याच जणांना वाटतं ते एकतर आकाशातून तयार पडलं किंवा रोमच्या कॉन्स्टंटाईन बादशहाने ३२५ साली नायसियाला मीटिंग बोलावून मतदान करून ठरवलं. ही दुसरी गोष्ट व्हॉट्सॅपवर फार फिरते, पण नायसियाला वाद होता तो येशू आणि देवपिता यांच्या नात्याचा, शिवाय ईस्टरची तारीख वगैरे. कुठली पुस्तकं ठेवायची ते तिथे ठरलं नाही. ते असं एका दिवसात ठरलंच नाही कधी.

मूळ ग्रीक शब्द बिब्लिया, म्हणजे पुस्तकं, अनेकवचन. जुना करार म्हणतात तो भाग ज्यूंचा, बहुतेक हिब्रूत आणि दानीएल, एज्रा वगैरेंमधला काही भाग अरामीत. यातलं बरंच साहित्य जुनं असलं तरी त्याला आजचं रूप यायला मोठा धक्का कारणीभूत झाला असं अभ्यासक मानतात, तो म्हणजे इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बॅबिलोनने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं आणि लोकांना धरून नेलं. मंदिर गेलं, राजा गेला, जमीन गेली, मग उरलं काय तर गोष्टी, कायदे आणि गाणी, ती जपायलाच हवी होती. पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ज्यूंनी त्याचं ग्रीक भाषांतर करायला घेतलं कारण त्यांच्या पोरांना हिब्रू धड येत नव्हतं (आपल्याकडच्या इंग्लिश मीडियमच्या घरांना हे वेगळं सांगायला नको), आणि पहिले ख्रिस्ती लोक वापरायचे ते बहुतेक हेच ग्रीक भाषांतर.

नव्या कराराचं, म्हणजे ख्रिस्ती लोकांनी लिहिलेल्या भागाचं, मजेशीर आहे. उघडलं की आधी चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या आयुष्याच्या कथा, दिसतात म्हणून ती सगळ्यात जुनी वाटतात, पण आधी लिहिली गेली ती ख्रिस्ती प्रचारक पौलाची पत्रं, साधारण इ.स. ५० च्या दशकात. ती खरोखरची पत्रं आहेत, अमक्या गावच्या मंडळीत भांडणं चाललीयत, तमक्याला माझा नमस्कार सांगा, असली. मार्कचं शुभवर्तमान ७० च्या आसपासचं धरतात, म्हणजे येशू जाऊन चाळीसेक वर्षं झाल्यावर, बाकीची त्यानंतर. पुस्तकांची नक्की यादी करायची निकड भासली त्यात एका बंडखोराचाही हात होता, मार्सियन म्हणून, त्याने दुसऱ्या शतकात जुना करार पूर्ण उडवला आणि फक्त लूकचं कापलेलं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं ठेवली, १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला हाकललं. पण मग तुमची यादी कोणती हा प्रश्न उरलाच ना. आज आपण बघतो ती नेमकी २७ पुस्तकं पहिल्यांदा एकत्र दिसतात ती ३६७ साली, अलेक्झांड्रियाच्या अथनेशियस बिशपच्या ईस्टरच्या पत्रात. आणि अख्ख्या बायबलचं म्हणाल तर आजही एकमत नाही, प्रोटेस्टंटांची पुस्तकं ६६, कॅथलिकांची ७३, इथिओपियातल्या चर्चची परंपरेने ८१.

जेरोमने ३८२ पासून पुढची वीसेक वर्षं खपून जे लॅटिन केलं ते हजारभर वर्षं पश्चिम युरोपचं बायबल होतं. एका शब्दाचं वजन किती असतं बघा, मोशे डोंगरावरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा तेजाने चमकत होता असं आपण वाचतो, पण हिब्रूत जे क्रियापद आहे त्याचा शिंगाशी संबंध, जेरोमने शिंगंच घेतली. म्हणून मायकेलअँजेलोचा रोममधला मोशे बघाल तर डोक्यावर दोन शिंगं!

खरी मारामारी पुढे झाली ती कोणी वाचायचं यावर. लॅटिन पाद्रीलोकांना कळायचं, तेही सगळ्यांना नाही, आणि सामान्य माणूस चर्चच्या भिंतीवरची चित्रं बघायचा. इंग्लंडात चौदाव्या शतकाच्या शेवटी जॉन विक्लिफच्या लोकांनी इंग्रजी बायबल काढलं, तो आपल्या मरणाने मेला तरी चर्चचा राग इतका की १४२८ मध्ये त्याची हाडं उकरून जाळली आणि नदीत टाकली. मग जर्मनीत मेंझला गुटेनबर्गचं छापील बायबल आलं १४५५ च्या सुमारास, पण तेही लॅटिनच, प्रती साधारण १८०. चर्चविरुद्ध उठलेल्या मार्टिन लूथरने वार्टबर्गच्या किल्ल्यात लपून बसलेला असताना अकरा आठवड्यांत नवा करार जर्मन केला, १५२२ मध्ये छापला, आणि आजची प्रमाण जर्मन घडण्यात त्या भाषेचा मोठा वाटा आहे.

विल्यम टिंडलबद्दल मात्र जरा थांबून लिहावंसं वाटतं. याने थेट ग्रीकवरून इंग्रजी नवा करार केला, १५२६ मध्ये जर्मनीत वर्म्सला छापला आणि कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून प्रती इंग्लंडात धाडल्या. लंडनच्या बिशपने त्या जाळल्या. त्या काळचा बखरकार एडवर्ड हॉल सांगतो की जाळायला म्हणून बिशपने एका व्यापाऱ्यामार्फत प्रती विकत घेतल्या, ते पैसे गेले टिंडलकडे आणि त्यातून सुधारलेली आवृत्ती निघाली. चर्चला खुपलं ते असं की जिथे 'चर्च' शब्द असायचा तिथे याने साधं 'मंडळी' या अर्थाचा शब्द घातला, 'प्रीस्ट'च्या जागी 'वडीलधारा', म्हणजे अख्ख्या यंत्रणेखालची सतरंजीच ओढली. १५३६ मध्ये त्याला गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. १६११ चं किंग जेम्स बायबल ४७ विद्वानांनी केलं म्हणतात, पण त्यातल्या नव्या कराराचा मोठा भाग शब्दशः याचाच. स्केपगोट हा शब्दही त्याचाच. आपण त्याला बळीचा बकरा म्हणतो खरं, पण जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात बकरे दोन आहेत, एकाचा बळी जातो आणि दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्यांची पापं ठेवून त्याला रानात सोडतात, टिंडलचा शब्द या सुटलेल्या बकऱ्यासाठी आहे!

आठव्या हेन्रीने आधी १५३८ साली हुकूम काढला की प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवा, मग लोक वाचून वाद घालायला लागले तसा घाबरला आणि १५४३ मध्ये कायदा केला की कारागीर, शिकाऊ पोरं, मजूर, शेतकरी आणि सामान्य बायकांनी ते वाचायचं नाही. खानदानी बायकांनी वाचावं, पण एकटीने, मोठ्याने नाही. तो मेल्यावर १५४७ मध्ये हा कायदा गेला.

वाचायला मिळालं की मग वाचता यायला हवं. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४७ चा कायदा आहे, ज्या गावात ५० घरं असतील त्यांनी लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर ठेवायचा, कारण दिलंय सैतान लोकांना शास्त्रापासून लांब ठेवतो म्हणून. स्वीडनमध्ये तर पाद्री घरोघरी वाचनाची परीक्षा घ्यायचा. म्हणजे तिकडच्या साक्षरतेमागे ही खटपट बरीच आहे.

पण हेच पुस्तक उलटंही वापरलं गेलं. १८०७ मध्ये लंडनला कॅरिबियन गुलामांसाठी खास कापलेलं बायबल छापलं, त्यात मिसरमधून (इजिप्तमधून) मोशेच्या मागे गुलाम सुटून जातात तो सगळा भाग गायब, आणि 'दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा' मात्र जागच्या जागी. कापणाऱ्याला पक्कं माहीत होतं कुठली पानं धोक्याची आहेत ते. तिकडे अमेरिकेत गुलामांना गुलामीतून सोडवून नेणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक मोझेसच, म्हणजे मोशेच, म्हणायचे.

आपल्याकडे मराठी नवा करार विल्यम कॅरीने बंगालमध्ये श्रीरामपूरहून १८११ मध्ये छापला. त्याआधी १६१६ मध्ये गोव्यात फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण आलं होतं, ते भाषांतर नव्हे, ओव्यांमध्ये सांगितलेली कथा. आणि संपूर्ण बायबल थेट हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं पंडिता रमाबाईंनी, त्यासाठी त्या दोन्ही भाषा शिकल्या, साध्या बायकांना कळावं अशी भाषा ठेवायची हा त्यांचा हट्ट. १९२२ मध्ये त्या गेल्या, पुस्तक पूर्ण छापून आलं १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, जिथे खिळे जुळवायचं काम तिथल्या बायकाच करायच्या.