मिनिफायची कंटेनर इमेज: आत काय ठेवायचं, बाहेर काय

डेटा एका ठिकाणाहून दुसरीकडे वाहून नेणाऱ्या नायफाय या सॉफ्टवेअरची सुरुवात २००६ मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेत झाली. तिथे त्याचं नाव होतं 'नायगारा फाइल्स'. नोव्हेंबर २०१४ मध्ये ते अपाचे फाउंडेशनकडे सुपूर्द झालं आणि जुलै २०१५ मध्ये तिथला स्वतंत्र मुख्य प्रकल्प बनलं. ब्राउझरमध्ये प्रोसेसर (डेटावर एकेक काम करणारे ठोकळे) मांडायचे, ते रेषांनी जोडायचे, की डेटा वाहू लागतो. पण हे सगळं चालायला सर्व्हर लागतो. प्रोसेसर वाढत गेले आणि नायफायचं पॅकेज फुगत गेलं. कारखान्यातल्या छोट्याशा गेटवेवर (यंत्रांचा डेटा बाहेर पाठवणाऱ्या संगणकावर) ते बसवणं शक्यच नव्हतं.

म्हणून २०१६ मध्ये मिनिफाय आलं. हा एजंट, म्हणजे नायफायचा छोटा सोबती प्रोग्रॅम, डेटा जिथे तयार होतो तिथेच बसतो. एक आवृत्ती जावात, दुसरी सी प्लस प्लसमध्ये. यात चित्र काढायचा पडदा नाही. फ्लो (प्रोसेसर आणि त्यांच्या जोडण्यांचा आराखडा) दुसरीकडे तयार होतो आणि फाइल म्हणून एजंटला दिला जातो. मिनिफायची इमेज, म्हणजे कंटेनर (प्रोग्रॅम चालवायचं बंदिस्त वातावरण) ज्यातून उभा राहतो तो साचा, बांधताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच आहे: ही फाइल राहणार कुठे?

सुरुवातीला सरळ वाटणारी वाट म्हणजे डॉकरफाइलमध्येच (डॉकर या कंटेनर साधनाला इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) ती कॉपी करून टाकणं. चाचणीला हे पुरतं. पण पुढे फ्लोमधली एक वेळमर्यादा बदलायची तरी नवी इमेज बांधा, रजिस्ट्रीत (इमेजच्या कोठारात) टाका आणि प्रत्येक यंत्रावर पुन्हा उतरवा. त्याहून गंभीर गोष्ट पासवर्डची. कॉन्फिगमधला (सेटिंग्जच्या फाइलमधला) पासवर्ड एका लेअरमध्ये (बिल्डच्या एका पायरीचा इमेजमधला थर) गेला आणि पुढच्या लेअरमध्ये फाइल पुसली, तरी खालच्या लेअरमध्ये तो जसाच्या तसा असतो. इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला तो काढता येतो.

लेअरचाच दुसरा फटका आकाराला बसतो. एका पायरीत पॅकेज उलगडलं आणि वेगळ्या पायरीत सगळ्या फोल्डरची मालकी बदलली, तर प्रत्येक फाइलची दुसरी प्रत नव्या लेअरमध्ये जाते. मे २०१७ मध्ये डॉकर १७.०५ ने अनेक टप्प्यांचं बिल्ड आणलं आणि १७.०९ ने कॉपी करतानाच मालकी ठरवायची सोय दिली. सी प्लस प्लस एजंटला पहिल्या सोयीचा मोठा फायदा झाला, कारण कंपायलर आणि सीमेक ही बांधणीची साधनं पहिल्या टप्प्यातच राहतात आणि शेवटच्या इमेजमध्ये फक्त तयार बायनरी जाते. मात्र दोन्ही टप्प्यांची बेस इमेज (जिच्यावर बाकी सगळं रचलं जातं ती) जुळायला हवी. उबुंटू या लिनक्सवर ग्लिबसी या सी लायब्ररीशी बांधलेली बायनरी, मसल ही वेगळी सी लायब्ररी वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सवर टाकली, तर फाइल समोर दिसत असूनही 'नॉट फाउंड' येतं. तिथे हरवलेली असते ती बायनरी नव्हे, तिला मेमरीत चढवणारा लोडर.

कॉन्फिग बाहेर काढायचं ठरलं की ते माउंट (होस्टवरची, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या यंत्रावरची, फाइल कंटेनरला जोडणं) कसं करायचं हा प्रश्न येतो. एकच फाइल माउंट केली आणि एडिटरने जतन करताना जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवली, तर कंटेनर जुनीच वाचत राहतो. दूरवरून नवा फ्लो आला आणि एजंट तो नाव बदलून त्या जागी ठेवू लागला, तर 'रिसोर्स बिझी' म्हणून अडतो. म्हणून पूर्ण कॉन्फ फोल्डर माउंट करावा. पण होस्टवरचा रिकामा फोल्डर माउंट केला, तर इमेजमधल्या प्रॉपर्टीजच्या आणि लॉगच्या फाइल झाकल्या जातात. त्या आधी होस्टवर उतरवून घ्याव्यात. फोल्डरची मालकी एजंटच्या यूआयडीकडे (वापरकर्ता क्रमांकाकडे) हवी. सी प्लस प्लस इमेजमध्ये तो मुळात १००० असतो.

रांगेत थांबलेला डेटा ज्या रिपॉझिटरीत असतो, तिला वेगळं व्हॉल्यूम (कंटेनर काढला तरी टिकणारी साठवण) द्याच. ते नसेल तर कंटेनर काढून नवा टाकताना, पुढे न गेलेला डेटाही त्याच्याबरोबर जातो. या एका गोष्टीत हयगय नको.

जावा एजंटची हीप (जावा प्रोग्रॅमची मुख्य मेमरी) मुळात २५६ एमबी आहे. 'छोटा एजंट' म्हणून कंटेनरलाही तेवढीच मर्यादा घातली, तर हीपबाहेर राहणाऱ्या मेटास्पेस आणि थ्रेडच्या स्टॅकला जागा उरत नाही. मग कर्नल प्रक्रिया मारतो आणि कंटेनर १३७ कोड देऊन थांबतो. जावाच्या लॉगमध्ये मात्र काहीच सापडत नाही. मर्यादा हीपच्या निदान दुप्पट ठेवून मोजायला सुरुवात करावी.

सर्वांत जास्त वेळ खातो तो साइट-टू-साइट जोड, म्हणजे एजंटने नायफायला डेटा पाठवायची जोडणी. कंटेनरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, हे बहुतेकांच्या लवकर लक्षात येतं. पण पत्ता बरोबर असूनही डेटा जात नाही, तेव्हा दोष सहसा पलीकडच्या टोकाला असतो. पहिल्या संपर्कात नायफाय एजंटला सांगतं, 'डेटा या होस्टवर पाठव.' नायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये रिमोट इनपुटचा होस्ट रिकामा असेल, तर ते स्वतःचं होस्टनेम देतं, आणि कंटेनरमध्ये ते म्हणजे कंटेनरचा बारा अक्षरी आयडी. बाहेरच्या यंत्राला त्या नावावरून पत्ता सापडत नाही.

नायफाय २.० मध्ये एक्सएमएल टेम्प्लेट (फ्लो जतन करायची जुनी पद्धत) गेले आणि जावा एजंटचा फ्लो वायएमएल या फाइल-स्वरूपाऐवजी जेसनमध्ये आला. टेम्प्लेट निर्यात करून टूलकिटने वायएमएल बनवणाऱ्या जुन्या बिल्ड स्क्रिप्ट तिथे मोडतात. बेस इमेजमधलं जावाही २१ लागतं, त्यामुळे फक्त आवृत्तीचा आकडा बदलून इमेज पुन्हा बांधली तर एजंट उभाच राहत नाही.